गुंतवणूक आणि जैवविविधतेचे मापन : ठाणे खाडीचा दाखला

पर्यावरणपूरक म्हणून गुंतविलेल्या पैशामुळे निसर्गात प्रत्यक्ष काय बदलले, हे तपासणे म्हणजे जैवविविधतेच्या फलिताचे मापन होय. 'सेबी'ने २०२१ साली आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांसाठी व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल ठरवून दिला. २०२२-२३ पासून तो बंधनकारक झाला. कर्बवायू टनांत मोजता येतो. जीवसृष्टीला मात्र असे एकच माप नाही.

ठाणे खाडीचेच पाहू. तिचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली रोहित अर्थात फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ साली खाडीला रामसर दर्जा लाभला. येथील कांदळवनाचा विस्तार उपग्रहचित्रांवरून कळतो. 'बीएनएचएस'ने २०२२ साली सहा रोहितांवर जीपीएस उपकरणे बसविली. त्यांपैकी एक भावनगरला पोहोचल्याचे समजले. पाण्यातील डीएनएच्या अंशांवरून तेथील जीवजातीही ओळखता येतात.

परंतु आकड्यांचा अर्थ जपून लावावा. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदामुळे शेवाळ वाढते आणि लहान रोहित मुख्यतः नीलहरित शेवाळावर जगतो. म्हणून केवळ पक्षी वाढले यावरून खाडी निरोगी झाली असे ठरत नाही. पाण्यातील प्राणवायू आणि कोळ्यांच्या जाळ्यात येणारी मासळीही पाहावी लागते. कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठालाही हीच कसोटी लागू आहे.

'हरित' म्हणविणाऱ्या योजनेत बचत गुंतविण्यापूर्वी वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो : प्रकल्पापूर्वीची नोंद आहे काय? जवळच्या तशाच जागेशी तुलना केली आहे काय? मापन त्रयस्थाने केले आहे काय?