दहा उत्तरं

३० ऑगस्ट २०१२. पुण्यात रात्रीचे दोन वाजले होते, मी रात्रपाळीला होतो. तिकडे अमेरिकेत २९ तारखेची दुपार. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा 'रेडिट' या संकेतस्थळावर आले होते: विचारा, काय वाटेल ते. खरे तेच, याचा पुरावा म्हणून लॅपटॉपसमोर बसलेला त्यांचा फोटोही टाकला होता. गर्दी इतकी, की पान उघडेचना.

वार्ताहर परिषदेत पहिल्या रांगेतले ठरावीक हात वर होतात. व्याख्यानात प्रश्नाची चिठ्ठी अध्यक्षांच्या हातून पुढे जाते, कधी जातच नाही. इथे प्रश्न सगळ्यांसमोर होते आणि वाचकच मतं देऊन ते वर ढकलत होते. निवड मात्र ओबामांचीच. हजारोंतून त्यांनी उत्तरं दिली दहा. मला ती फार कमी वाटली, आजही वाटतात.

तरी एक प्रश्न मनात रुतून बसला. कायद्याची पदवी, शिक्षणकर्जाचा डोंगर आणि नोकरी नाही, अशा कुणाचा. त्या माणसाला थेट राष्ट्राध्यक्षांनी उत्तर दिलं, मध्ये कुणी नव्हतं.

व्हाइट हाउसमध्ये बनवल्या जाणाऱ्या बिअरची कृतीही कुणी मागितली होती. १ सप्टेंबरला ती जाहीर झाली. तिच्यात तिथल्याच आवारातल्या पोळ्यांचा मध होता.