वळलेली नजर

तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या जबड्याचं चित्र असतं. भारतात २०१६ पासून पुडीचा ८५ टक्के दर्शनी भाग या इशाऱ्यासाठी राखलेला आहे. तरी रोज मळणारा माणूस गप्पांच्या ओघात पुडी उघडतो, चुना लावतो, चित्राकडे त्याचं लक्षच नसतं. धोका त्याला ठाऊक नाही, असं नव्हे. ज्याच्यासाठी इशारा छापला, त्याचीच नजर आधी का वळते, या प्रश्नापासून आत्मपुष्टीची अभ्यासशाखा सुरू होते आणि म्हणूनच ती आम्हांला मोलाची वाटते.

क्लॉड स्टील यांनी १९८८ साली आत्मपुष्टीचा सिद्धान्त मांडला. आपण एकंदरीत शहाणे, भले आहोत ही समजूत प्रत्येक जण जपतो. इशारा तिलाच धक्का देतो. पण ती समजूत एका खांबावर उभी नसते. दुसरीकडे आधार भक्कम असेल, तर माणूस कटू गोष्ट ऐकून घेऊ शकतो.

हे तपासण्याच्या प्रयोगाची रीत विलक्षण साधी आहे. मूल्यांच्या यादीतून स्वतःला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं निवडायचं आणि ते का, हे काही मिनिटं लिहायचं. दुसरा गट स्वतःला बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्याबद्दल लिहितो. व्यसनाचा विषयही निघत नाही. धोक्याचा मजकूर येतो तो त्यानंतर. विल्यम क्लाइन आणि पीटर हॅरिस यांनी २००९ साली मद्य व स्तनकर्करोग यांच्या संबंधावरचा लेख मद्य घेणाऱ्या स्त्रियांना दिला. अधिक पिणाऱ्यांपैकी ज्यांनी आधी स्वतःच्या मूल्याबद्दल लिहिलं होतं, त्यांचं लक्ष लेखातल्या धोक्याच्या शब्दांकडे ओढलं गेलं; इतरांचं त्यांपासून दूर सरलं. मत बदलण्याच्याही आधी, नुसत्या लक्षात हा फरक दिसावा, हे आम्हांला या शाखेचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

परिणाम एकूण लहानच असतो, आणि पटणं म्हणजे सुटणं नव्हे, हे अभ्यासकांनी मनाशी बाळगावं.

विद्यार्थी, समुपदेशक, आशाताई, सगळ्यांचं इथे स्वागत आहे. काम भरपूर पडलं आहे. यातले बरेच प्रयोग अमेरिका-ब्रिटनमधल्या विद्यापीठांत, लिहित्या हातांवर झाले. मिशरी लावणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आजीला महत्त्वाच्या मूल्याचा हा प्रश्न ओट्यावर बसून तोंडी कसा विचारायचा? आणि नातवंडांना वाढवल्याचं ती अभिमानाने सांगू लागली, तर इशाऱ्याचं चित्र तिच्यापुढे कधी ठेवायचं?