बराक ते सनद : उल्हासनगर कॅम्प २ च्या वसाहतीचा इतिहास

उल्हासनगरच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम फाळणी, निर्वासित आणि सिंधी समाजाची उद्यमशीलता यांकडे वेधले जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु कॅम्प २ चा अभ्यास करताना प्रस्तुत लेखकास अधिक बोलके वाटलेले साधन म्हणजे येथील टपालाचा पत्ता होय. पत्त्याच्या आरंभी 'बी. के. नं.' आणि त्यापुढे 'रूम नं.' असतो. बी. के. म्हणजे बराक. मूळ बराक पाडून तेथे बहुमजली इमारत उभी राहिली, तरी तिचा क्रमांक पत्त्यात टिकून आहे.

या क्रमांकांचा उगम दुसऱ्या महायुद्धात आहे. ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत २,१२६ बराकी व सुमारे १,१७३ घरे होती. युद्धानंतर हीच छावणी निर्वासितांच्या उपयोगी आली. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधमधील हिंदूंचे स्थलांतर वाढले. अनेक जण जहाजाने मुंबईस उतरले. पंजाब व बंगाल यांची विभागणी झाली होती. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी निर्वासितांना भारतात स्वभाषेचा प्रांतच उरला नाही. अर्थात १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच असल्याने मुंबई त्यांना सर्वस्वी परकी नव्हती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. उल्हास नदीवरून नगरास नाव मिळाले; लोकांच्या तोंडी मात्र 'कॅम्प' हाच शब्द राहिला.

सैनिकांसाठी बांधलेली बराक लांबलचक होती. कुटुंबांसाठी तिच्यात आडभिंती घालून खोल्या पाडण्यात आल्या. शेजार हा असा भिंतीपुरता जवळ आला. कॅम्प २ मधील गजानन मार्केटसारख्या कापडपेठांचे श्रेय बहुधा सिंधी समाजाच्या 'व्यापारी पिंडा'स दिले जाते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. सिंधी हिंदूंत भाईबंद व्यापारी होते, तसे सरकारी नोकरीत मुरलेले आमिलही होते. शेती, वाडे, पदे मागे राहिलेल्या माणसाच्या हाती एक खोली आणि तिच्यापुढची थोडी मोकळी जागा एवढेच भांडवल होते. राहते घर, दुकान आणि कारखाना एकाच छताखाली येणे हा येथे स्वभावापेक्षा परिस्थितीचा भाग अधिक होता.

याच मोकळ्या जागेने पुढे कायद्याचा पेच निर्माण केला. विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. वाटप झालेल्या जागेच्या मालकीचा पुरावा म्हणून 'सनद' हा शब्द येथे रूढ झाला. सनद होती मोजक्या क्षेत्राची. कुटुंब आणि धंदा मात्र त्या क्षेत्रात मावेनासे झाले. बांधकाम आधी पुढे सरकले, मग वर चढले. पुढे मुंबई उच्च न्यायालयासमोर ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न आला. १९५४ चा कायदा २००५ मध्ये रद्द झाला आणि २००६ मध्ये खास उल्हासनगरमधील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य शासनाने स्वतंत्र कायदा केला. एका शहरापुरता असा कायदा करावा लागणे, हीच मुळी पुनर्वसन अपुरे राहिल्याची कबुली होती, असे म्हणता येईल.

या प्रश्नाची किंमत केवळ कागदोपत्री नाही. २८ मे २०२१ रोजी कॅम्प २ मधील नेहरू चौकात एका पाच मजली इमारतीचा स्लॅब कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत १९९० च्या दशकातील होती. म्हणजे जिच्या जागी अशा इमारती आल्या, त्या युद्धकालीन बराकीपेक्षा कितीतरी तरुण. अशा इमारती रिकाम्या करा, असे सांगणे सोपे आहे. परंतु रहिवाशांना तेथेच पुन्हा बांधावयाचे झाल्यास प्रथम जमिनीच्या मालकीचा दाखला लागतो, आणि त्याचा शोध घेणाऱ्यास बराकीच्या त्याच जुन्या क्रमांकापासून सुरुवात करावी लागते.