शर्यतीची मोटार आणि विम्याचा हिशेब

शर्यतीची हौस सातारा-सांगलीस नवी नाहीं. बैलगाड्यांच्या शर्यतींना इकडे आजही गर्दी लोटते. विम्याची ओळखही जुनीच आहे. १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापिली. १९५६ सालीं ती आयुर्विमा महामंडळांत विलीन झाली. आयुर्विम्याचा हेतु सरळ होता: कर्ता गेला तरी घर उघड्यावर पडूं नये.

मोटारीच्या विम्याची सक्ती मात्र निराळ्या हेतूनें आली. १९३९ च्या कायद्यांतील ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली, ती वाटसरूंच्या रक्षणासाठीं. स्वतःच्या गाडीचा विमा मालकाच्या मर्जीवरच राहिला. शिवाय नेहमींच्या पॉलिसींतून शर्यत व वेगाची चाचणी हे उपयोग वगळलेले असतात.

म्हणून आपली मोटार शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर नेणाऱ्यानें आधीं विचारावें: गाडी समूळ मोडली, तर घर तें नुकसान सोसेल काय? सोसणार असेल, तर खुशाल जावें. नसेल, तर त्या दिवसापुरता स्वतंत्र विमा लेखी मिळवावा. न मिळाल्यास गाडी घरींच ठेवावी. एकाच्या हौसेचें मोल साऱ्या घरानें देऊं नये.