तेल पाजलेली बॅट

नवी बॅट आणली की तिला तेल पाजायचे, आणि जितके पाजाल तितकी ती पक्की होते, हे मत तुळजापूरच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरापासून त्याला बॅट घेऊन देणाऱ्या चुलत्यापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. ताटलीत तेल ओतायचे, बॅट रात्रभर त्यात टोवर, म्हणजे खालच्या टोकावर, उभी ठेवायची आणि सकाळी ताटली कोरडी दिसली की खूश व्हायचे. ज्या गावात गोंधळ्याच्या पोतावर तेल घातल्याशिवाय भाविकाचा पाय पुढे पडत नाही, तिथे तेलाविरुद्ध बोलायला धीर लागतो. तरी बोलतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. एक, तालमीतली काठी तेल पिऊन चिवट होते, मग बॅट का होणार नाही? दोन, तेलानंतर चेंडू जास्त पळतो, हा डोळ्यांदेखतचा अनुभव आहे. तीन, बॅट बनवणारे स्वतःच तेल लावा म्हणतात.

काठीचा दाखला लागू पडत नाही. काठी बांबूची. तिची बाहेरची साल टणक असते, आणि थोडे वजन वाढले तर काठी चालवणाऱ्याला ते हवेच असते. बॅट विलोची. हे लाकूड मऊ, हलके, आत हवा साठवलेले. कारखान्यात रोलरखाली दाबून त्याचा फक्त वरचा थर कठीण करतात, आतला भाग तसाच हलका ठेवतात. त्या हलकेपणाचेच आपण पैसे मोजलेले असतात. समोरून लावलेले तेल फार आत जात नाही. पण टोला लाकडाच्या नळ्या उघड्या तोंडाने खाली असतात, तिथून ते सरसर वर चढते. पाणी चढले असते तर उडून तरी गेले असते. जवसाचे तेल उडत नाही. वाळताना ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि उलट थोडे जडच होते. चमचाभर तेल साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. असे वीस चमचे मुरवले की नव्वद ग्रॅम झाले, तेही बॅटच्या पार खालच्या टोकाला. बाराशे ग्रॅमच्या बॅटला एवढा भार म्हणजे पूल मारताना मनगट उशिरा फिरणार. आणि पोरगा म्हणतो, बॅट भारी लागतेय, बहुतेक माल खराब आहे.

दुसऱ्या मुद्द्याचा प्रकार कावळा बसायला आणि फांदी मोडायला असा आहे. तेल लावल्यावर पोरे आठवडाभर मोज्यात जुना चेंडू घालून बॅट ठोकत बसतात, कडा गोल करतात. तंतू दबतात ते त्या ठोकण्याने. शाबासकी मात्र तेलाला.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तिथे थांबायला हवे. बनवणारे कच्चे जवसाचे तेल सांगतात, एक-दोन हलके हात, बॅट आडवी ठेवून. पक्के, म्हणजे बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे तेल ते सांगत नाहीत, कारण त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. आपल्याकडे मात्र घरात असेल ते चालते. खोबरेल लावतात, शेंगदाण्याचे लावतात. तेल हवेत वाळेल की नाही याचा अंदाज त्याच्या आयोडीन अंकावरून येतो. जवसाचा तो १७० च्या वर, करडईचा १४० च्या आसपास, शेंगदाण्याचा शंभराच्या आत-बाहेर आणि खोबरेलाचा दहाच्या खाली. म्हणजे खोबरेल कधीच वाळणार नाही. धूळ आणि माती धरत बॅट वर्षभर चिकट राहील. जवस मिळालेच नाही तर मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातली करडई त्यातल्या त्यात जवळची, पण ती चटणीवरच शोभते.

आता मवाळ लोक म्हणतील, तेल लाकडाचा ओलावा तरी धरून ठेवते. तेही फारसे खरे नाही. अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने लाकडावरच्या लेपांची बाष्प अडवण्याची ताकद मोजली, तेव्हा जवसाचे तेल जवळजवळ तळाला राहिले आणि वितळलेल्या मेणाचा थर अगदी वर. इथे बालाघाटच्या माथ्यावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा इतकी कोरडी होते की दहा-बारा टक्के ओलावा घेऊन आलेले लाकूड पत्र्याच्या खोलीत वाळत वाळत त्याच्या निम्म्यावर येऊ शकते. मग पहिल्याच यॉर्करला टो फुटतो. तेल लावून हे टळत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

म्हणून माझा पक्ष असा. लेदर बॉलची, उघड्या लाकडाची बॅट असेल तर कच्च्या जवसाचा एक पातळ हात समोर, कडांना आणि पाठीला; स्टिकरवर नाही आणि हँडल जिथे बसवलेले असते त्या सांध्यावर तर मुळीच नाही. टोला तेलाऐवजी मेण घासा, वर रबरी गार्ड चिकटवा. समोर प्लास्टिकची शीट असेल तर तिच्यावरून तेल लावण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात बॅट मातीच्या किंवा दगडी भिंतीच्या गार खोलीत ठेवा, मोटारसायकलला बांधून उन्हात नको. राजवर्धन हंगरगेकर इथलाच. २०२२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता, तेव्हा तुळजापूरच्या पोराला लेदर बॉलची बॅट हवीशी वाटली तर नवल नाही. पण बहुतेकांच्या हातात काश्मीर विलोची, पॉलिश मारलेली टेनिसची बॅट असते. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्याही आत, लेदरचा दीडशेच्या वर. त्या बॅटला ना तेलाची गरज, ना ठोकण्याची.

आणि जवसाचे तेल पुसलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.