लोखंडाची सोबत

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आज बॅटरीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण प्रश्न आमचाच आहे, बरं का : आतून बदलत राहूनही वस्तू तीच कशी राहते?

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. १८८२ साली जमशेदजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या लोहखनिजाचा. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याची कोळशाची खाण. पण तो कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही. कारखाना पुढे साकचीला, आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला. खनिजात खोट नव्हती. सोबत कमी पडली.

आता शंभर वर्षं पुढे या. लिथियम बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन कॅथोडच्या स्फटिकातून बाहेर पडतात, वापरताना परत येतात. माणसांची अशी रोजची ये-जा सोसून घर उभं राहिलं पाहिजे. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचं थरांचं घर दाखवलं. पण त्यातलं निम्म्याहून जास्त लिथियम काढत गेलं की थर सरकतात, रचना बिघडते आणि फेऱ्यांगणिक बॅटरीची ताकद उतरते.

मग स्वस्त लोखंड का नाही? नुसत्या ऑक्साइडमध्ये ते नीट चालेना. १९९७ साली टेक्ससमध्ये अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी त्याला फॉस्फेटची जोड दिली. फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा बंध घट्ट असतो. त्याने व्होल्टेज सुमारे ३.४ पर्यंत वाढलं आणि सांगाडाही धरून ठेवला. लिथियम गेलं की हा स्फटिक सुमारे सात टक्के आकसतो, आलं की फुलतो. मांडणी मात्र तीच राहते. म्हणून हजारो फेऱ्या निभतात. एक अडचण उरली : यातून वीज फार सावकाश वाहते. त्यावर उपाय काय, तर कणांवर कार्बनचा पातळ थर. लोखंडाला पुन्हा कोळशाच्याच गोत्रातलं कोणीतरी लागलं!

सुरजागडचं खनिज बॅटरीसाठी निघतं, असं मला सुचवायचं नाही. ते पोलादाकडे जातं. मुद्दा वेगळा आहे. वस्तूचा गुण एकट्या वस्तूत नसतो, तो मांडणीत आणि सोबतीत असतो. आपल्या भागाला ‘मागास’ म्हणताना हे आठवावं. इथून काय काढून नेलं, एवढंच मोजू नका. नेल्यावर घर उभं राहिलं का, तेही विचारा.