उसना जीव

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथे ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी दूरवर मागे सरते आणि काळ्याशार चिखलाचे पठार उन्हात चकाकू लागते, तेथे एका लहानशा टेकाडावर शिवडीचा किल्ला उभा आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या परक्यावर नजर राहावी म्हणून इंग्रजांनी तो १६८० साली बांधला. परंतु अवघ्या नऊ वर्षांनी, १६८९ साली, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान आपले आरमार घेऊन नेमका शिवडीलाच उतरला. त्या दिवसापासून या किनाऱ्याचा इतिहास म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचा इतिहास होय. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कापसाचा मोठा बाजार कुलाब्याहून उठून शेजारच्या कॉटन ग्रीनला आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातली पहिली विजेची आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्यास निघाली ती शिवडीवरूनच गेली. आणि १९९० नंतरच्या दशकात हजारो रोहित पक्ष्यांनी याच चिखलावर आपला हिवाळी मुक्काम ठरवून टाकला. पक्ष्यांच्या त्या आगमनाच्याच सुमारास आणखी एक परकी वस्तू येथील चाळींत शिरली. कोणत्याही गॅझेटियरात तिची नोंद नाही, म्हणून येथील एका जुन्या रहिवाशाने ती हकिकत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. ही वस्तू म्हणजे ‘कॉन्ट्रा’ नावाचा व्हिडिओ गेम.

ज्या घरांत तो आला त्या घरांची रचना आधी ध्यानात घेतली पाहिजे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते स्थापन झाले आणि त्याने श्रमजीवी वर्गासाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा लांबच लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांस मिळून वीस खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असा त्यांचा आराखडा. शौचालये मजल्यावरच्या सर्वांची मिळून असत. एकांत कोणाच्याच वाट्याला नसे. अशा ठिकाणी उसनवारी ही लाजेची गोष्ट राहत नाही, तो जगण्याचा दस्तूर होऊन बसतो. वाटीभर साखर, मीठ, कुकरची शिटी, लग्नाला नेसायचा शालू, सारे काही बोळातून इकडून तिकडे जात असे. आणि उसन्या वाटीविषयी आमच्या आयांचा एक कटाक्ष होता, की ती परत करताना रिकामी द्यायची नाही. चार दाणे शेंगदाण्याचे का होईनात, पण काहीतरी घालूनच वाटी पाठवायची.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा या दस्तुराची खरी कसोटी लागली. तो संप रीतसर असा कधी संपलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटत गेल्या. लालबाग, परळ, शिवडी या मुलखात ज्या मुलांचे बालपण त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गेले, त्यांनी सकाळच्या भोंग्याऐवजी घरी बसलेल्या वडिलांचे मौन ऐकले. आमच्या मजल्यावर रंगीत दूरदर्शन संच एकाच घरी होता, आणि त्या घराचे दार रविवारी सकाळी सर्वांसाठी उघडे असे.

व्हिडिओ गेमचे यंत्र प्रथम आले ते त्याच संचाला जोडण्यासाठी, आणि तेही भाड्याने. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे घरगुती यंत्र विक्रीस काढले होते. त्याच्याच बरहुकूम घडवलेली, निन्टेन्डोची सनद नसलेली यंत्रे पुढे आशियाभर पसरली. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे कानांवर येत. ज्याला ऐपत होती तो मनीष मार्केटात किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन यंत्र विकत आणी. ज्याला नव्हती तो नाक्यावरच्या दुकानात अनामत ठेवून एका रात्रीपुरते नेई. त्या भाड्याची वर्गणी मजल्यावरची मुले काढीत. पुढे काही दुकानदारांनी दुकानातच दोन-तीन संच मांडून तासाच्या हिशेबाने खेळ चालवला. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ‘कॉन्ट्रा’ निर्माण करणारी कोनामी ही कंपनी १९६९ साली ओसाका येथे सुरू झाली, ती नाणे टाकून गाणी वाजवणारी यंत्रे भाड्याने देण्याच्या व दुरुस्त करण्याच्या धंद्यातून. म्हणजे जो खेळ आमच्याकडे भाड्याने आला, त्याच्या कर्त्यांचे मूळही भाड्याच्याच व्यवहारात होते.

‘कॉन्ट्रा’ प्रथम १९८७ साली नाणी टाकून खेळण्याच्या मोठ्या यंत्रावर आला आणि १९८८ साली घरगुती यंत्रावर. त्याचे कथानक जपानी आवृत्तीप्रमाणे इसवी सन २६३३ मधले: न्यूझीलंडजवळच्या गालुगा द्वीपसमूहावर उल्का कोसळलेली असते, तिच्या आश्रयाने ‘रेड फाल्कन’ नावाची परग्रहवासी सत्ता तेथे आपला अंमल बसवते, आणि बिल व लान्स हे दोन सैनिक तिचा नायनाट करण्यास निघतात. आठ टप्पे, पहिला जंगलाचा, तिसरा धबधब्याचा, पाचवा बर्फाचा, सहावा धगधगत्या यंत्रशाळेचा आणि शेवटचा त्या परग्रहवासीयांच्या कुहराचा, जेथे एक प्रचंड हृदय धडधडत असते. हे सारे अमेरिकी आवृत्तीत अवघ्या १२८ किलोबाइटांत बसवले होते. मराठी मनाला विज्ञानकथा अपरिचित नव्हती. आमच्याच हार्बर मार्गावरील चुनाभट्टीस जिचे कार्यालय आहे त्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली आणि पहिला क्रमांक मिळवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. परंतु चाळीतल्या ज्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक क्वचितच येई, त्याला भविष्यकाळाची पहिली ओळख या खेळाने करून दिली. शिवडीच्या मुलाला ती फारशी परकीही वाटली नाही. कारण किल्ल्यावर चढून पूर्वेकडे पाहिले, की चिखलाच्या पलीकडे माहुलच्या तेलशुद्धी कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या टोकांवरच्या ज्वाळा दिसत, आणि त्यामागे तो तुर्भ्याचा डोंगर, ज्याच्या पायथ्याशी १९५६ साली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी प्रज्वलित झाली. पडद्यावरचा सहावा टप्पा आमच्या क्षितिजावर रोज रात्री जळत होता.

भाड्याच्या एका रात्रीचे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. जेवणे आटोपून अंथरुणे भिंतीशी सारली आहेत. संचाच्या मागे हात घालून एकजण अँटेनाची वायर काढतो आणि यंत्राची लावतो. दुसरा संचाची चकती फिरवीत पडद्यावरच्या मुंग्यांतून चित्र शोधतो. चित्र उमटते पण थरथरते. मग कॅसेट उपसून तिच्या तळाच्या फटीत जोराने फुंकर घातली जाते. त्या फुंकरीच्या दमटपणाने आतले तांबे उलट गंजते हे पुढे कळले, पण त्या वेळी फुंकर ही देवघरातल्या घंटेइतकी आवश्यक होती. अखेर पडदा स्थिर होतो, दोन रिमोट दोघांच्या हातांत जातात, आणि मागे दाटीवाटीने बसलेली दहा-बारा मुले श्वास रोखतात. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. पडदा वर वर सरकत जातो, आणि जो वेगाने चढतो त्याच्यामागून पडद्याची खालची कड वर येते. खाली रेंगाळलेला सोबती त्या कडेखाली सापडला, की शत्रूची गोळी न लागताही मरतो. “थांब ना, मला येऊ दे!” ही हाक त्या रात्री किती वेळा उठली असेल! एकट्याची चपळाई तेथे सोबत्याच्या प्राणावर बेतत असे, आणि पुढे गेलेल्याने फळीवर उभे राहून मागच्याची वाट पाहिल्यावाचून धबधबा सर होत नसे.

माझ्या मते या खेळाच्या चिरंतन आकर्षणाचे मर्म त्या धबधब्यात आहे. मूळ फॅमिकॉमला दोन्ही रिमोट यंत्रातच कायमचे जोडलेले असत, म्हणजे दुसरा खेळाडू त्याच्या घडणीतच गृहीत धरलेला होता. ‘कॉन्ट्रा’ने त्या गृहीताला अर्थ दिला. प्रत्येकाला आरंभी तीन ‘लाईफ’ मिळत आणि एका गोळीत एक जात असे. पण दोघे खेळत असता एकाचे सारे जीव संपले, तर बटण दाबून त्याला सोबत्याच्या शिलकेतला एक जीव घेता येई. “एक लाईफ दे ना” हे शब्द आमच्या बोळात “वाटीभर साखर द्या” याच सुरात उच्चारले गेले. जपानी कारागिरांनी हा नियम काय हेतूने घातला असेल तो असो. शिवडीच्या पोरांना त्यात आपल्या आयांचा दस्तूर दिसला. ज्याच्यापाशी दोन होते त्याने एक द्यावा, यात कोणालाच नवल वाटले नाही.

रिमोट दोन आणि मुले बारा, या अडचणीवरही तोडगा निघाला तो गिरणीच्या रिवाजातून. गिरणीत कायम कामगार गैरहजर राहिला, की दारावर सकाळपासून उभा असलेला ‘बदली’ कामगार त्याच्या जागी आत घेतला जाई. आमच्यात जो सर्वस्वी मेला त्याने रिमोट खाली ठेवायचा आणि पाळीत असलेल्या बदलीने तो उचलायचा, असा कायदा होता, आणि त्याला आम्ही ‘बदली’च म्हणत असू. ज्यांच्या वडिलांचे काम सुटले होते त्या मुलांच्या खेळात त्या कामाचा शब्द जिवंत राहिला, ही गोष्ट मला आज फार हृदयस्पर्शी वाटते.

तीच कथा तीस जीवांच्या गुप्त मंत्राची. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो या तंत्रज्ञाने १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना, तो तपासणे आपल्यालाच अवघड जाते म्हणून बटणांचा एक क्रम योजला. तोच क्रम ‘कॉन्ट्रा’त दाबला असता तीनांऐवजी तीस जीव मिळत. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. हा क्रम आम्ही कोठेही छापलेला वाचला नाही. तो पाढ्यासारखा मोठ्यांच्या मुखातून धाकट्यांच्या मुखात आला. आणि दोघांनी खेळायचे असेल तर शेवटी ‘सिलेक्ट’चे एक बटण जादा दाबावे लागे, हेही त्याबरोबरच शिकवले जाई.

या मालिकेचे पुढे अनेक भाग निघाले. १९९२ सालचा तिसरा भाग चित्रकलेच्या दृष्टीने पहिल्याहून कितीतरी संपन्न होता, आणि २०२४ साली ‘ऑपरेशन गालुगा’ या नावाने मूळ कथाच नव्या रूपात सादर झाली. टिकाऊपणाची कारणे म्हणून जाणकार खेळाची नेमकी आखणी, अर्ध्या तासात संपणारी त्याची लांबी आणि चुकीला क्षमा न करणारी त्याची शिस्त यांचा निर्देश करतात, आणि ती कारणे खरी आहेत. परंतु तितकीच नेटकी आखणी असलेले दुसरे खेळ त्याच कॅसेटांवर होते. त्यांची नावे आज आठवावी लागतात. ‘कॉन्ट्रा’ आठवावा लागत नाही. पन्नाशीकडे झुकलेले दोन मित्र भेटले, की त्यांच्या बोलण्यात कोण पुढे पळाला आणि कोणी कोणाला जीव दिला, याचा हिशेब अजून निघतो. एकट्याने मिळवलेले यश हळूहळू विसरले जाते. दुसऱ्याने आपल्या शिलकेतून काढून दिलेला जीव मात्र माणूस विसरत नाही.

आता शिवडीचे रूप पालटते आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाने हाती घेतले. शिवडीच्या चाळी मात्र बंदर विश्वस्त खात्याच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. किल्ल्यावरून दिसणाऱ्या खाडीवर १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू आहे. सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या त्या सेतूखाली रोहित पक्षी अजूनही चिखल चाळीत उभे असतात. मुलांच्या हातांत आता आपापले फोन आहेत, आणि त्यांतले सोबती कोणत्या शहरात बसले आहेत हे त्यांनाही ठाऊक नसते.

मागल्या दिवाळीत जुन्या मजल्यावर गेलो होतो. एका घरी धाकट्या पुतण्याने फोनवर तोच जुना ‘कॉन्ट्रा’ लावून दाखवला. “काका, हा एकट्याने होत नाही,” तो म्हणाला. मी त्याला बटणांचा क्रम सांगितला, आणि ‘सिलेक्ट’ कधी दाबायचे तेही सांगितले. मग आपली पाळी संपल्यावर काय करायचे असते, कोणाला ‘बदली’ म्हणतात, आणि सोबत्याचे जीव संपले तर काय द्यायचे असते, हे सांगता सांगता माझ्या ध्यानात आले, की यांपैकी निम्म्या गोष्टी परदेशातून आलेल्या त्या कॅसेटमध्ये कधी नव्हत्याच. त्या याच बोळाने तीत घातल्या होत्या. समुद्रापलीकडून आलेली ती उसनी वाटी शिवडीने रिकामी ठेवली नव्हती.